कचऱ्याच्या साठ्याचा हिशेब : प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : व्यावसायिक कचऱ्याचे मर्यादेबाहेरचे साठे आणि त्यांवरील कारवाई

महोदय,

कचरा घेणारे धंदे दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत घेणारा पैसे देतो. भंगारवाला तांबे, पितळ, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या रोखीने विकत घेतो. त्याचे भांडवल त्या मालात अडकलेले असते आणि भाव आला की माल आपोआप हलतो. दुसऱ्या तऱ्हेत पैसे देणारा असतो तो कचरा देणारा. रंग, औषधे, कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्यांतला गाळ, वापरून झालेली द्रावके, मुलामा देण्याच्या टाक्यांतले आम्ल, इमारतींचा राडारोडा, कोणीच विकत घेत नाही असे थरांचे प्लास्टिक या सगळ्यांची वासलात लावण्यासाठी कारखानदार किंवा बांधकाम व्यावसायिक दर टनामागे रक्कम मोजतो. गाडी काट्यावर चढली, पावती फाटली की घेणाऱ्याची कमाई झाली. त्यानंतरचे वर्गीकरण, प्रक्रिया, भट्टी, शास्त्रोक्त भराव हे सगळे नुसते खर्च.

मर्यादेबाहेरचे साठे बहुतेक करून या दुसऱ्या तऱ्हेत तयार होतात आणि त्यांवरील सरकारी कारवाई फसते तीही इथेच. आवारात उभा असलेला ढीग हिशेबाच्या वहीत ‘साठा’ म्हणून दिसतो, पण प्रत्यक्षात ते पैसे घेऊन न केलेले काम असते. ढीग जितका उंच, तितके देणे मोठे. धंदा बसू लागला की मालक जुने देणे फेडण्याऐवजी नव्या गाड्या घेतो, कारण आज हातात रोकड फक्त नव्या गाडीतून येते. म्हणून अडचणीतल्या कंपनीची आवक कमी न होता वाढलेली दिसते. तपासणी अधिकाऱ्याला वाढती आवक हे भरभराटीचे लक्षण वाटले, तर तो सर्वांत महत्त्वाची खूण चुकतो.

पहिल्या तऱ्हेचा धंदाही एका रात्रीत दुसऱ्या तऱ्हेत जाऊ शकतो. चीनने २०१८ च्या सुरुवातीपासून परदेशी प्लास्टिक आणि न निवडलेला कागद यांसह २४ प्रकारच्या कचऱ्याची आयात थांबवली. काल ज्याला गिऱ्हाईक होते तो माल जगभरच्या गोदामांत पडून राहिला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात याचा फटका कसा बसला, ते पुढे येईल.

भारतात धोकादायक कचऱ्याच्या साठ्याला मर्यादा आहे आणि ती स्पष्ट आहे. ‘धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ मधील नियम ८ प्रमाणे असा कचरा ९० दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणारे छोटे कारखाने, कचऱ्याचा कच्चा माल म्हणून वापर करणारे आणि विल्हेवाट केंद्रे यांना राज्य मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. इतरांनाही सबळ कारण दाखवल्यास ती मिळते. नोंदवही ठेवणे, दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणपत्र देणे, प्रत्येक पिंपावर आणि गोणीवर लेबल लावणे, प्रत्येक गाडीबरोबर वाहतूक चलन पाठवणे हे सगळे बंधनकारक आहे. चलनाच्या सात रंगीत प्रती असतात. पांढरी पाठवणाऱ्याकडून मंडळाकडे जाते, पिवळी पाठवणाऱ्याकडे राहते, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे. घेणारा हिरवी प्रत मंडळाला आणि निळी पाठवणाऱ्याला परत करतो. कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाकडे जाते.

एवढी व्यवस्था असताना साठा दडून राहू नये. आरंभीचा साठा अधिक आलेला कचरा, उणे प्रक्रिया केलेला, उणे बाहेर गेलेला, एवढ्या एका ओळीत आवारात आज किती असायला हवे ते कळते. मात्र ‘प्रक्रिया केलेला’ हा आकडा कंपनी स्वतःच लिहिते, आणि खोटेपणाला जागा नेमकी तिथे आहे. तो पडताळायला दुसरे साधन लागते, आणि ते हाताशी आहे. टायर किंवा प्लास्टिकचा चुरा करणारे यंत्र विजेवर चालते. शंभर टनांचा चुरा केल्याची नोंद असलेल्या महिन्याचे वीजबिल त्याआधीच्या बंद महिन्याइतकेच असेल, तर यंत्र फिरलेले नाही. भट्टीचे इंधन, बाहेर गेलेल्या मालाची वजनकाट्याची पावती, वस्तू व सेवा करासाठी काढलेले ई-वे बिल यांतूनही तेच कळते. ढिगाचे आकारमान ड्रोनने मोजता येते. हे केल्याशिवाय नोंदवहीवर सही करणे म्हणजे कंपनीच्याच अक्षराला दुजोरा देणे होय.

कागदावरच्या पुनर्चक्रीकरणाचा धोका कल्पनेतला नाही. प्लास्टिकच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी प्रमाणपत्रांची पद्धत २०२२ मध्ये आली. प्लास्टिकवर प्रक्रिया झाली की पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते आणि उत्पादक ते विकत घेतो. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या तपासणीत लाखो प्रमाणपत्रे खोटी निघाली, आणि ज्या राज्यांतील कंपन्यांकडून ती आली त्यांत महाराष्ट्रही होता. ज्या प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याचे अशा प्रमाणपत्रात लिहिले जाते ते कुठेतरी पडून असते, जळालेले असते किंवा मुळात नसतेच.

धोकादायक या व्याख्येत न बसणाऱ्या, पण पेट घेणाऱ्या कचऱ्याची स्थिती आणखी वाईट आहे. कापडाच्या चिंध्या, फोम, थर्माकोल, लाकडी पॅलेट, मिश्र प्लास्टिकच्या गाठी यांना ९० दिवसांसारखा दंडक नाही. गोदाम स्थानिक संस्थेच्या परवान्यावर चालते आणि पुष्कळदा त्याशिवायही. आगीच्या दृष्टीने मात्र धोकादायक गाळाच्या पिंपापेक्षा या गाठी काही कमी नाहीत. दाबून बांधलेल्या प्लास्टिकच्या ढिगात आग आतून धुमसते. वरून मारलेले पाणी ओघळून जाते, गाभ्यापर्यंत पोचत नाही; जेसीबीने ढीग फोडून एकेक थर भिजवावा लागतो. भंगारात मिसळून आलेली एखादी लिथियम बॅटरी चिरडली गेली तरी ठिणगीला पुरते. टायरचे आणखी वेगळे आहे. पावसाळ्यात उघड्यावरच्या प्रत्येक टायरमध्ये पाणी साचते, त्यात डेंग्यूचा डास वाढतो. आणि उन्हाळ्यात तोच ढीग पेटला तर काळा धूर मैलोगणती पसरतो.

पिंपरी-चिंचवडमधील चिखली-कुदळवाडी हे या प्रश्नाचे ताजे उदाहरण. पत्र्याच्या शेडना खेटून शेड, त्यांत भंगार, प्लास्टिक, लाकूड, रसायनांची रिकामी पिंपे. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथे मोठी आग लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने जेसीबी लावून हजारो अनधिकृत बांधकामे काही दिवसांत सपाट केली. बांधकाम अनधिकृत असेल तर ते पाडण्याचा अधिकार महापालिकेला आहेच. पण शेड पाडल्याने कचऱ्याचे देणे फिटत नाही. शहरातून रोज निघणारे भंगार दुसऱ्या दिवशीही निघते, आणि त्याला परवानगीची जागा नसेल तर ते पुढच्या गावच्या शेतात नवे पत्रे शोधते. अनेक वर्षे वाढत गेलेला साठा दरवर्षी मोजून आटोक्यात ठेवता आला असता. ते न झाल्याने शेवटी एका फटक्यात सगळे उखडावे लागले आणि नियमाने धंदा करणारा छोटा भंगारवालाही त्यात भरडला गेला. मंडळाच्या कारवाईत या छोट्या विक्रेत्याला आणि पैसे घेऊन कचरा साठवणाऱ्या कंपनीला एकाच मापाने मोजले जाऊ नये. पहिला शहराचा कचरा कमी करतो. त्याला जागा, रस्ता आणि पाण्याची टाकी हवी असते.

साठ्यावर उशिरा हात घातला की काय होते, याचा देशातला सर्वांत बोलका दाखला राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारखान्यांत ‘एच आम्ल’ हे रंगद्रव्यासाठी लागणारे रसायन परवानगीविना बनवले गेले. उत्पादन झाले काहीशे टन. त्यातून सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उरला आणि तो आवारात उघड्यावर पडून राहिला. पाऊस झाला, विष जमिनीत उतरले, आसपासच्या गावांच्या विहिरींचे पाणी तांबूस-काळे झाले. प्रकरण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. गाळ सुरक्षित खड्ड्यात पुरण्याचा आदेश झाल्यावर त्यातला काही भागच पुरला गेला. उरलेला परिसरात पसरून वर माती लोटण्यात आली, म्हणजे पाहणी करणाऱ्यांना तो दिसू नये. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व न्यायालयाने ठामपणे लागू केले. सफाईचा खर्च पुढे सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरला. कंपन्यांनी अर्जांवर अर्ज करून तो टाळला आणि २०११ मध्ये न्यायालयाला १२ टक्के चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. कायदा जिंकला, तत्त्व देशभर शिकवले जाऊ लागले. पण ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांच्या हयातीतली बावीस वर्षे त्यात संपली.

भोपाळच्या बंद कारखान्याचा कचरा तर त्याहून जास्त काळ पडून होता. १९८४ च्या वायुगळतीनंतर आवारात राहिलेला, पुढे बांधून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला आणि त्याच वर्षी जूनअखेर जाळून संपवण्यात आला. कंपनीकडे पैसा असताना जे काम तिच्या खर्चाने होऊ शकते, ते नंतर जनतेच्या खर्चाने करावे लागते.

व्हिक्टोरियाचा अनुभव या संदर्भात उपयोगी आहे, कारण तिथे कारवाई कुठे बरोबर झाली आणि कुठे चुकली हे दोन्ही दिसते. जुलै २०१७ मध्ये मेलबर्नजवळच्या कूलारू येथे ‘एसकेएम’ या पुनर्चक्रीकरण कंपनीच्या आवारातले ढीग पेटले. आग पुरती विझायला ११ दिवस लागले. शंभरावर घरे रिकामी करावी लागली. महिना-दीड महिन्यात राज्य सरकारने पेट घेणाऱ्या कचऱ्याच्या साठ्यासाठी स्वतंत्र धोरण आणले, पुढच्या वर्षी ते कायम केले, आणि पर्यावरण प्राधिकरण व अग्निशमन दल यांचे संयुक्त पथक आवार-आवार फिरू लागले. २०१७ मध्येच स्टॉवेल या छोट्या गावाबाहेर पडलेले सुमारे दहा लाख टायर प्राधिकरणाने स्वतः आवाराचा ताबा घेऊन उचलले. त्यासाठी चाळीस लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर सरकारी तिजोरीतून गेले.

एसकेएमचे ढीग मात्र वाढत राहिले, कारण चीनचा बाजार बंद झाला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्राधिकरणाने दोन आवारांत नवा कचरा घ्यायला मनाई केली. आदेश योग्य होता. पण तिसाहून अधिक नगरपालिकांचा सुका कचरा याच एका कंपनीकडे जात होता आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. लोकांनी घरी नीट वेगळा केलेला कागद-प्लास्टिक कित्येक ठिकाणी भरावात गेला. ऑगस्टपर्यंत कंपनी बुडाली. मागे राहिलेल्या गोदामांपैकी काही भाड्याची होती. ती गाठींनी भरलेली घरमालकांच्या गळ्यात पडली. जिलाँगजवळच्या लारा गावात राडारोड्याचा डोंगर सोडून दुसरी एक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सरकारला सुरुवातीलाच तीन कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

यातून महाराष्ट्रासाठी काही गोष्टी निघतात. पहिली बंद करण्याच्या आदेशाच्या स्वरूपाबद्दलची आहे. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ चे कलम ५, जल कायद्याचे कलम ३३अ आणि वायू कायद्याचे कलम ३१अ यांखाली उद्योग बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकार आहेत. सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याची वीज तोडली की सांडपाणी थांबते, म्हणून हा उपाय तिथे चालतो. कचरा साठवणाऱ्या आवाराची वीज तोडली तर ढीग तसाच राहतो. उलट तो कमी करणारे यंत्र थांबते आणि आगीच्या पाण्याचा पंपही बंद पडतो. इथे पहिला आदेश आवक बंद करण्याचा हवा; प्रक्रिया आणि बाहेर जाणे चालू राहिले पाहिजे, आणि ते दर आठवड्याला किती टनांनी व्हायचे याचे वेळापत्रक आदेशातच हवे. फाटकावरच्या वजनकाट्यावर मंडळाचे थेट लक्ष असले तर आवक खरोखर थांबली की नाही ते कळते.

दुसरी गोष्ट पर्यायी जागेची. मुदत दिली, पण कचरा न्यायला जागा नाही, तर तो रात्री टँकरमधून निघतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन ओतले गेले आणि वायूने शेकडो रहिवासी रुग्णालयात पोचले, ते याच वाटेने. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे धोकादायक कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत. सिमेंटच्या भट्ट्यांत जाळण्याजोगा कचरा चंद्रपूरच्या बाजूला पाठवता येतो. कारवाईचा आदेश काढतानाच कोणत्या केंद्रात किती टनांची जागा राखून ठेवली आहे हे मंडळाने ठरवलेले असावे आणि ती गाडी तिथे पोचल्याची चलनप्रत आल्याशिवाय तो टन कमी झाल्याचे धरू नये.

सर्वांत कळीचा मुद्दा पैशाचा. एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली कैदेची तरतूद जाऊन तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. हजार टनांचा ढीग उचलायचा खर्च या दंडापेक्षा मोठा असेल, तर दंड भरणे हाच स्वस्त मार्ग ठरतो. शिवाय दंड होईपर्यंत कंपनीत काही उरलेले नसते. म्हणून पैसा आधी घ्यायला हवा. उद्योग चालवण्याचे संमतिपत्र देतानाच जितक्या टनांच्या साठ्याला परवानगी, तितके टन उचलून योग्य ठिकाणी पोचवण्याच्या खर्चाइतकी बँक हमी घ्यावी. साठा वाढवून हवा असेल तर हमी वाढवावी. दर वर्षी खर्चाचे दर पुन्हा तपासावेत. मंडळ आजही संमतिपत्राबरोबर बँक हमी घेते, पण ती अटी पाळल्या जाव्यात म्हणून असते. ढीग उचलण्याच्या खर्चाशी तिची सांगड घातली गेली पाहिजे.

असे करण्याचा अधिकार मंडळाला आहे का, हा वादही आता उरलेला नाही. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती विरुद्ध लोधी प्रॉपर्टी या प्रकरणात ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जल आणि वायू कायद्यांच्या वरील दोन कलमांखाली प्रदूषण मंडळे भरपाई वसूल करू शकतात आणि संभाव्य हानीपोटी आधीच बँक हमी मागू शकतात. अट एकच : त्यासाठीची कार्यपद्धती आणि तत्त्वे नियमांत आधी लिहिलेली हवीत. ते नियम लवकर व्हावेत आणि त्यांत कचऱ्याच्या साठ्याचा स्वतंत्र उल्लेख यावा, यासाठी पाठपुरावा करणे मंडळाच्या हातात आहे. हमीचा आकडा अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता टन गुणिले दर असा बांधलेला असेल तर तो न्यायालयातही टिकेल.

जमिनीच्या मालकालाही यात आणले पाहिजे. भिवंडीच्या पट्ट्यात आणि शीळफाट्याच्या बाजूला गोदामे भाड्याने देणारा मालक भाडेकराराशिवाय बहुधा काही पाहत नाही. संमतिपत्राच्या अर्जावर त्याचीही सही घेतली, साठ्याची मंजूर मर्यादा त्याला लेखी कळवली आणि कंपनी पळाली तर पुढची जबाबदारी त्याची हे आधीच सांगितले, तर तो महिन्यातून एकदा शेडमध्ये डोकावेल. अशी देखरेख कोणत्याही खात्याला स्वतःच्या माणसांकडून परवडणारी नाही.

पेट घेणाऱ्या पण धोकादायक नसलेल्या कचऱ्यासाठी ढिगाच्या मापांचा नियम करणे अवघड नाही. इंग्लंडमध्ये पर्यावरण खात्याच्या मार्गदर्शिकेत ढिगाची उंची ४ मीटरपर्यंत, लांबी-रुंदी २० मीटरपर्यंत आणि दोन ढिगांत ६ मीटरचे अंतर असा दंडक आहे, आणि कोणतीही आग चार तासांत विझवता यावी हे त्यामागचे उद्दिष्ट आहे. इथल्या अग्निशमन केंद्रांचे बंब, पाण्याची सोय आणि गल्लीची रुंदी पाहून ही मापे इथे आणखी आखूड ठेवावी लागतील. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. त्या प्रमाणपत्रात ढिगांची मापे आणि मधल्या वाटा यांचा एक रकाना वाढवला, तर अग्निशमन दल आणि मंडळ यांच्या हाती एकच माहिती राहील.

शेवटची बाब माहितीच्या खुलेपणाची. धोकादायक कचरा असलेल्या प्रत्येक कारखान्याने फाटकाबाहेर त्याची माहिती देणारा फलक लावावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजी दिला. औद्योगिक वसाहतीतून जाताना हे फलक दिसतात. पुष्कळांवरचा रंग उडालेला असतो आणि आकडे संमतिपत्र मिळाले त्या वर्षाचे असतात. या फलकावर मंजूर साठा, आजचा साठा आणि कचऱ्याची शेवटची गाडी बाहेर गेल्याची तारीख दर आठवड्याला लिहिणे सक्तीचे करावे, आणि हेच आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर तालुकावार टाकावेत. शेजारच्या वस्तीतला माणूस, ग्रामपंचायतीचा सदस्य, पलीकडच्या गोदामाचा मालक आणि बंबावरचा जवान यांना आत किती आणि काय आहे ते फाटकावरच वाचता आले पाहिजे, आणि फलकावरचा आकडा डोळ्यांसमोरच्या ढिगाशी जुळत नसेल तर तक्रार कोणत्या उपप्रादेशिक कार्यालयात करायची त्याचा दूरध्वनी क्रमांकही त्याच फलकावर हवा.

कळावे.